ज्या वर्षी तुम्ही घट बसवला नाहीत

आत्याबाई,

काल अकरावीच्या वर्गात तुमचं उदाहरण आलं आणि मला पुढं बोलताच येईना.

दरवर्षी कॉलेज उघडलं की पहिल्या महिन्यात हा धडा येतो. संस्कृती, मूल्यं आणि नियमनं. दरवर्षी याच जागी मी खडू खाली ठेवते आणि पोरांना म्हणते, "समजा, एका घरात एक सासूबाई आहेत." त्या सासूबाई म्हणजे तुम्ही. समाजाला जे चांगलं, पवित्र वाटतं ते मूल्य. आणि ते सांभाळायला माणसानं रोज कसं वागायचं याचा जो नियम, ते नियमन. एवढं फळ्यावर लिहून झालं की मी तुमचा आवाज काढते. "ए बाई, लांब हो! देवाकडं जाऊ नगंस, चार दिस कळ काढ!" पोरी तोंडावर ओढणी धरून हसतात, पोरं वहीत बघून हसतात, आणि पाळीतल्या बाईनं बाजूला बसायचं हे नियमन सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसतं. दहा वर्षं मी तुमच्या जिवावर वर्ग हसवला. काल "समजा, एका घरात" एवढं बोलले आणि तिथंच थांबले. पुढच्या बाकावरच्या एका पोरीनं पाण्याची बाटली पुढं केली. मग मी पुस्तकातली व्याख्या वाचून दाखवली आणि घंटा होईपर्यंत लिहून घ्या म्हणाले.

तुम्हाला जाऊन सतरा दिवस झाले.

मी तुमच्यावर असं शिकवते हे तुम्हाला कळलं होतं, हेही सांगून टाकते. वस्तीवरची एक पोरगी माझ्या वर्गात होती, तिनं येऊन सांगितलं असणार. मी संध्याकाळी आष्टीहून आले, पिशवी टेकवली, तर तुम्ही शेंगा फोडता फोडता म्हणालात, "काय मॅडम, मी बुकात आले म्हनं?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. म्हणाले, "बुकात नाही हो, उदाहरणात."

"उदाहरनात म्हंजी चांगलं का वाईट?"

"म्हणजे पोरांना सोपं जावं म्हणून."

तुम्ही मान हलवलीत. आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या वस्तीला सांगितलंत की आष्टीच्या कॉलेजात पोरांना माझं शिकवतात. शेजारणींनी विचारलं, काय शिकवतात तुझं? तर म्हणालात, "कसं वागावं ते." पोरं हसतात हे त्या पोरीनं तुम्हाला सांगितलं होतं का नाही, ते मी कधी विचारलं नाही. तुम्ही जाणूनबुजून पांघरूण घातलंत असं मला आता वाटतं. तेव्हा मात्र मला गंमत वाटली होती, आणि मी ती गंमतसुद्धा स्टाफरूममध्ये सांगितली.

तुमच्या जन्माचं, लग्नाचं, मेंढरं विकून ऊसतोडीला गेलात त्या सालाचं मी इथं काही लिहीत बसणार नाही. ते लोकांनी दहाव्याला सांगितलं, चांगलं सांगितलं. मला आपलं भांडण लिहायचं आहे. ते अर्ध्यात सोडून तुम्ही गेलात, आणि मला एकटीला ते मिटवता येत नाही.

नांदूरघाटहून लग्न होऊन मी आले त्याला महिना पण झाला नव्हता. तुम्ही ओसरीवर एक गोधडी टाकलीत, एक तांब्या ठेवलात, एक ताट वेगळं काढलंत आणि म्हणालात, "इथं बस." मी म्हणाले, "आत्याबाई, मी एम.ए. झालेय." तुम्ही सरळ चेहऱ्यानं विचारलंत, "मग? एम.ए. झाल्यावर येत न्हाई का?"

रागानं मला रडू यायला लागलं होतं आणि त्यात हसू फुटलं. तुम्ही पण हसलात. पण गोधडी काही उचलली नाहीत. चार दिवस मी ओसरीवर बसले आणि मनातल्या मनात तुमच्यावर अख्खा शोधनिबंध लिहिला. तुम्ही गरम भाकरी आणून ठेवायचात, दोन हात लांब बसायचात आणि माझ्या माहेरचं एकेक माणूस विचारून घ्यायचात. हंडा उचलू दिला नाहीत, शेण काढू दिलं नाहीत. तुमच्या लेकानं, दत्तानं, एकदा मला शेळ्यांना पाला टाकायला सांगितलं तर त्याच्या अंगावर धावून गेलात. "तिला चार दिस सांगायचं न्हाई! तुझ्या बापाचं राज हाय का?"

पुढं कधीतरी मी तुम्हाला घेरलंच. म्हणाले, हे अपवित्र मानणं आहे, बाईला कमी लेखणं आहे. तुम्ही मिरच्यांची देठं काढत होतात. म्हणालात, "तोडीला गेल्यावर कोन बाजूला बसतंय गं? फडात चिंधी बांधायची अन् मोळी उचलायची. मोळी डोक्यावर, रगत पायावर. एक दिस पडून राहिलं की मुकादम खाडा लावायचा. म्या लई हंगाम असं काढलं. घरी आल्यावर चार दिस कुनी भांडं घासायला सांगत न्हाई, त्यात तुझं काय दुखतंय?"

"विश्रांती मिळावीच. पण ती हक्कानं मिळावी, विटाळ म्हणून नको."

"हक्कानं दे म्हनलं तर कोन देतंय? इटाळ म्हनलं की हात लावायला भेतेत. तुझ्या कालेजात देतेत का चार दिस सुट्टी?"

देत नाहीत. तुम्ही मिरच्या उचलून आत गेलात. खरं सांगू? त्या दिवशी तुम्ही मला जे शिकवलंत ते माझ्या पुस्तकात नव्हतं. वरून दिसतं ते नियमन एक असतं आणि बाई त्याच्यातून स्वतःसाठी काय काढून घेते ते दुसरंच. मी हे पण पोरांना सांगायला हवं होतं. मी फक्त "लांब हो" एवढंच सांगत राहिले, कारण त्याला हशा यायचा.

मग ते चहाचं प्रकरण झालं. माझी लेक तनू तेव्हा वर्षाची असेल. ओसरीवर दत्ताबरोबर जनावरांच्या दवाखान्यात काम करणारे दोघं आणि गावचे एक पाहुणे बसलेले. मी चहा घेऊन गेले आणि तुम्ही चुलीपुढून सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडलात, "अगं, तू बाजूला हायस ना? चहाला हात कसा लावलास?" पुरुषांनी माना खाली घातल्या. पाहुण्यानं हातातला कप तसाच खाली ठेवला. माझ्या अंगाची अशी आग झाली, आत्याबाई, की तुम्हाला आज सांगतानाही होतेय. त्याबद्दल मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही. तुम्ही गेलात म्हणून करणारही नाही.

पाहुणे गेल्यावर मी उभी राहून सांगितलं, आजपासून या घरात कुणी बाजूला बसणार नाही. आणि कुणी कुणाला विचारणार पण नाही. बाईच्या अंगाचं बाईपाशी.

तुम्ही म्हणालात, "इचारायचं बी न्हाई?"

"नाही."

"आडचण आली, दुखलं-खुपलं, तरी न्हाई?"

"ज्याचं तो सांगेल. विचारायचं नाही."

नऊ दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. दहाव्या दिवशी स्वयंपाकघरातले देव उचलून तुमच्या खोलीत नेलेत. "तुमचं सयपाकघर तुमचं, माझं देव माझ्यापाशी." मला वाटलं मी जिंकले. तुम्हाला वाटलं असेल तुमचे देव वाचले. त्यानंतर बारा-तेरा वर्षं घरात तो विषय निघाला नाही. मी कॉलेजात अभिमानानं सांगायचे की आमच्या घरातलं नियमन मी बदललं. एक नियमन काढून तिथं दुसरं बसवलं होतं, हे समाजशास्त्र शिकवणाऱ्या बाईला कळू नये?

आणि तुम्ही नुसत्या भांडखोर सासू होतात असं मी लिहिलं तर माझे हात झडतील. मी परीक्षेला बसले तेव्हा तनूला तुम्ही पाठीशी बांधून शेळ्या चारल्यात. दत्ताच्या चुलत्यांनी म्हटलं, सुनेला आष्टीला पाठवतेस, हाताबाहेर जाईल. तुम्ही म्हणालात, "जाऊ दे की. माझ्या हातात राहून मला काय मिळालं?" तोडीच्या टोळीतल्या कितीतरी बायांनी कुणाकुणाचं ऐकून गर्भाची पिशवी काढून घेतली, कामात अडचण नको म्हणून. तुम्ही नाही काढलीत. "देवानं दिलेलं हाय, ज्येच्यात माझा दत्ता वाढला, ते मुकादमासाठी काढू का?" तेव्हा मी तुम्हाला मिठी मारली होती. तुम्ही म्हणालात, "सर तिकडं, घामट हाय मी." ती एकच मिठी आपली.

आता गेल्या नवरात्राचं.

घट म्हणजे तुमचा प्राण. माती तुम्ही चाळायचात, धान्य तुम्ही निवडायचात, नऊ दिवस दिव्यापाशी तुम्ही बसायचात. मला कधी वातसुद्धा वळू दिली नाहीत. आणि गेल्या वर्षी सकाळीच म्हणालात, "मॅडम, यंदा घट तुमी बसवा."

मी म्हणाले, "मी? तुमच्या खोलीत?"

"बसवा की. शिकलेल्या हातानं बसला तर देवी काय न्हाई म्हनंल व्हय?"

तुम्ही उंबऱ्याच्या बाहेर बसून सांगत होतात. माती जरा दाबून घे. पाणी बेतानं घाल. माळ उजव्या अंगानं. मी विचारलं, आत येऊन बघा की. म्हणालात, गुडघे दुखतेत. मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू! मला वाटलं, म्हातारीनं शेवटी माझ्या हाती सत्ता दिली. मला वाटलं, बदलल्या. स्टाफरूममध्ये पेढे वाटायचेच बाकी ठेवले मी. वर्गात तर सांगितलंच, "बघा मुलांनो, नियमनं कायमची नसतात. त्या सासूबाईंनी यंदा सुनेला घट बसवायला लावला." पोरांनी ते वहीत उतरवून घेतलं.

मी पाणी जास्त घातलं म्हणून अर्धं धान्य कुजलं. तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत. तेव्हा तरी मला शंका यायला हवी होती. कुजलेल्या घटावर गप्प बसणाऱ्या आत्याबाई मी आयुष्यात पाहिल्या नव्हत्या.

मग मला एकेक दिसत होतं आणि मी बघत नव्हते. देवाला दिवा तनू लावायला लागली. लोणच्याची बरणी तुम्ही मला काढायला सांगायचात. पाणी पिताना हंड्याला हात न लावता ओंजळ पुढं करायचात, "वरून ओत." खोलीत देव म्हणून झोपायला ओसरीवर आलात. थंडीत! मी म्हणाले, आत झोपा, गारठाल. म्हणालात, आत गुदमरतंय. तुमच्या लुगड्याखाली वाळत घातलेल्या चिंध्या मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या, गोठ्यामागं. आणि काय विचार केला माहिती आहे? विचार केला, तनूच्या असतील. तनूला पाळी सुरू झाली असेल, ती सांगेल तेव्हा सांगेल, आपण विचारायचं नाही.

तनूला सुरू झालीच नव्हती.

तुमची पाळी जाऊन बारा वर्षं झाली होती आणि तुम्ही परत बाजूला बसायला लागला होतात. माझ्याच घरात, माझ्यासमोर. जुनं नियमन असतं तर वस्तीवरची शेंबडी पोर पण म्हणाली असती, "अगं बया, म्हातारी कावून बाजूला बसली?" एका दिवसात बोंब झाली असती. मी ते नियमन मोडलं होतं, म्हणून पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत पाच महिने कुणी काही विचारलं नाही.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी तुम्ही अंगणात बसलात त्या उठलाच नाहीत. दत्ता जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला. गाय दोन दिवस वैरण नीट खाईना झाली तर तिच्या डोळ्यांत बघून सांगतो रक्त कमी आहे म्हणून. त्यानं त्या दिवशी तुमच्या डोळ्याची पापणी खाली ओढली आणि तसाच गाडी बोलवायला पळाला.

नगरच्या दवाखान्यात डॉक्टर बाईंनी विचारलं, किती दिवसांपासून रक्त जातंय? तुम्ही दत्ताकडं बघून तोंड मिटून घेतलंत. त्याला बाहेर पाठवलं. तेव्हा म्हणालात, पोळ्याच्या आदीपासून. बाई चिडल्या. चिडायलाच पाहिजे होतं. म्हणाल्या, "आजी, पाच महिने! घरात शिकलेली सून आहे. तिला सांगितलं नाही?"

तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत. म्हणालात, "आमच्यात इचारायची पद्धत न्हाई."

आत्याबाई, हा टोमणा होता का हो? का मला वाचवायला म्हणालात, की बाई, सुनेचा दोष नाही, घराची रीत आहे? तुमचा आवाज नेहमीसारखा होता. तुम्ही टोमणा मारलात की डावी भुवई वर जायची, ती मी बघायला विसरले, मी खाली फरशी बघत होते. त्यानंतरचे पाच-सहा महिने तुमच्या उशापायथ्याशी बसून मी रोज ठरवायचे, आज विचारू. मग तुम्ही काहीतरी चेष्टा करायचात. वॉर्डात सगळ्या बायांच्या खाटा ओळीनं, कुणाला कुणी शिवत नाही, तर तुम्ही म्हणालात, "बघ मॅडम, सरकारनं समद्यांना बाजूला बसवलंय." शेजारची बाई टाके दुखेपर्यंत हसली. आणि माझं विचारायचं राहिलं.

रेडिएशनचा शेक द्यायला न्यायचे तेव्हा तुम्ही माझा हात घट्ट धरायचात. एकदा परत येताना म्हणालात, "लोकास्नी पोटाचं म्हन."

"का? त्यात लाज कसली?"

"दत्ताला चारचौघांत मान खाली घालायला लागंल. आईला तिथलं झालतं म्हनतील. पोटाचं म्हन, बाई. शपथ हाय."

तुम्ही मला बाई म्हणालात, मॅडम नाही. मी बरं म्हणाले. आणि पाळलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, पोटाचं. दहाव्याला सांगितलं, तेराव्याला सांगितलं. कॉलेजातसुद्धा पोटाचंच. बाईच्या अंगाबद्दल लाज बाळगू नका म्हणून दहा वर्षं वर्गात घसा कोरडा करणारी मी, पोटाचं म्हणत गावभर फिरले. खोटं बोलताना जीभ जड होईल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. फार सोपं गेलं.

आज रविवार. दुपारी तुमच्या टोळीतल्या बाया आल्या, आठ-दहा जणी, ज्यांना तेराव्याला जमलं नव्हतं. चटईवर दाटीनं बसल्या. तुमच्या आठवणी निघाल्या, कोण कुणाची मोळी उचलायचं, फडात साप निघाला तेव्हा तुम्ही कोयता कसा फेकलात. मी चहा देत होते. एकजण म्हणाली, "पोटाचं लई वाईट. आतल्या आत खातंय, कळत न्हाई." सगळ्यांनी च्-च् केलं.

मी त्यांच्याकडं बघत होते. सगळ्या तुमच्या वयाच्या, तुमच्यासारख्याच झिजलेल्या. मला एकदम वाटलं, यांच्यातली आणखी कोण आत्ता ओसरीवर झोपते आहे?

आणि मी बोलले. तुमची शपथ मोडली. म्हणाले, "पोटाचं नव्हतं. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होता. पाळी गेल्यावर बारा वर्षांनी रक्त जायला लागलं होतं, पाच महिने त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आम्ही पण विचारलं नाही. लवकर कळलं असतं तर कदाचित वाचल्या असत्या. तुमच्यापैकी कुणाला तसं होत असेल तर मला सांगा. मी घेऊन जाते."

दत्ता दारात सुतळी वळत बसला होता. त्यानं सुतळी तिथंच टाकली आणि मान खाली घालून गोठ्याकडं गेला. तुम्ही म्हणाला होतात तस्संच. तुम्ही बरोबर होतात, हे मला मान्य करायलाच लागेल.

बायांतली एकजण तडकली, "अगं, मेल्या मानसाची आब्रू अशी चवाट्यावर मांडतेत व्हय? शिकलीस ती ह्याच्यासाठी?" दुसरी म्हणाली, "पोरगा दारात बसलाय, तेवढी तरी लाज धरायची." चहा अर्धा टाकून उठल्या. पदर डोक्यावर घेत, माझ्याकडं न बघता एकेक बाहेर पडली. मी त्यांना थांबवलं नाही. वाटलं, गेला, तुमचा शब्द पण गेला आणि हाती काहीच लागलं नाही.

कौसामावशी तेवढ्या मागं राहिल्या. सतरा हंगाम तुमच्या खोपीला खोपी लावून राहिलेल्या. म्हणाल्या, "कप धुवून देते." मी म्हणाले, राहू द्या. "धुते की, बस तू." मोरीत बसल्या आणि कप धुवायला लागल्या. आठ-दहा कप ते. धुऊन झाले तरी उठेनात. एकच कप घेऊन परत परत विसळत होत्या. माझ्याकडं पाठ होती.

मी जवळ जाऊन बसले. आणि विचारलं. तेरा वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी विचारलं. "मावशी, किती दिवस?"

"होळीपासनं."

मी त्यांच्या हातातला कप काढून घेतला. म्हणाले, उद्या सकाळीच नगरला जाऊ, उशीर झालेला नसेल, उपाय असतात. मी भराभरा बोलत होते. त्या ऐकत नव्हत्या. ओल्या हातानं त्यांनी माझं मनगट धरलं.

"म्या पाडव्याला आलते बघ हिला बघायला. हिच्या उशाला बसले व्हते."

"आठवतंय मावशी."

"बघायला न्हवते आले. इचारायला आलते. मला जे व्हतंय तेच हिला झालंय का म्हनून. तवा तुला म्हनलं, हिला नेमकं काय झालंय गं? तू म्हनलीस, पोटाचं. मग म्या म्हनलं, चला, आपलं येगळं हाय. आपलं जाईल आपोआप."

मी हातातला कप खाली ठेवला.

"खरं कावून सांगितलं न्हाईस गं तवा?"

पाडवा होऊन चार महिने होत आले, आत्याबाई. उद्या पहाटेच्या गाडीनं आम्ही निघतोय. रजा कळवली आहे, तनू डबा करून देणार आहे. मावशी घरी जाताना दारात चप्पल घालता घालता परत तेच विचारून गेल्या, आणि उद्या नगरपर्यंत मला त्यांच्या शेजारी बसायचं आहे. काय सांगू त्यांना? तुमचा शब्द पाळत होते, असं सांगू?